पोलिश लेकरांचे बापू

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी म्हटलं की क्रिकेटवाल्या रणजींचे पुतणे, एवढंच आपल्याला आठवतं. पण मैत्रिणींनो, १९४२ साली त्यांनी केलं ते आईच करू जाणे!

रशियात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतली पोरकी लेकरं भुकेनं, दुखण्यानं नुसती खंगली होती. मुंबईतल्या पोलिश वकिलाच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी पुढाकार घेतला. औषधं, कपडे भरून ट्रक अश्गाबादला गेले आणि येताना इराणमार्गे मुलांना घेऊन आले. वांद्र्याला त्यांना जरा अंगी लावलं. पण पुढं ठेवायचं कुठं?

जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला, समुद्रकाठी छावणी उभारून दिली. तुम्ही आता अनाथ नाही, मी तुमचा बापू, असं मुलांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर निभावलंही. रोजच्या पालकाच्या भाजीला मुलं कंटाळली, तर पालकच बंद करून टाकला! (आपल्याकडे असं चालतं का हो?)

१९४६ मध्ये छावणी बंद झाली. उरलेली मुलं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, तिथल्या मोठ्या पोलिश वसाहतीत गेली. बापू १९६६ साली वारले. २०१३ पासून वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे.