ग्रंथालयांचे कैवारी डॉ. रंगनाथन

विहिरीला पाणी विपुल आहे, परंतु दोर नाही आणि पोहराही नाही, अशी स्थिती असेल तर तहानलेल्या वाटसरूस त्या विहिरीचा काय उपयोग? ग्रंथांचेही असेच आहे. ग्रंथ लिहिणारे आणि त्यांचा संग्रह करणारे पुष्कळ होऊन गेले. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, ही गोष्ट प्रत्येक महाराष्ट्रीयास अभिमानाची वाटते. परंतु कपाटातील ग्रंथ आणि दाराबाहेरचा वाचक यांची गाठ घालून देणे हेच ज्यांनी आपले जीवितकार्य मानले, असे पुरुष विरळा. त्याच तंजावर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत.

रंगनाथनांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये शियाळी या गावी झाला. त्यांचे वडील रामामृत हे रामायणाचे रसिक होते व लोकांना जमवून त्यावर निरूपण करीत. परंतु मुलगा अवघा सहा वर्षांचा असतानाच ते निवर्तले आणि बालकाचे संगोपन आई सीतालक्ष्मी व शिक्षकी पेशातील आजोबा यांच्याकडे आले. या मुलाची जीभ बोलताना अडखळत असे. पुढे ज्याला शेकडो सभांतून बोलावयाचे होते, त्याच्या वाट्यास दैवाने बोबडी वळणारी वाणी द्यावी, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. परंतु रंगनाथनांनी या वैगुण्यापुढे हार मानली नाही. त्यांनी त्यावर हळूहळू इतका ताबा मिळविला की, त्यांच्या कार्यात त्याची अडचण उरली नाही.

शियाळीच्या शाळेतील शिक्षण आटोपून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. त्या मिशनरी महाविद्यालयात एडवर्ड रॉस नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांची व रंगनाथनांची गुरुशिष्यांची जोडी अशी जमली की, तो स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. रंगनाथन १९१३ मध्ये बी. ए. व १९१६ मध्ये गणित घेऊन एम. ए. झाले. त्यानंतर मंगळूर, कोइमतूर व शेवटी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणित शिकविले. अध्यापन हा त्यांचा आवडीचा विषय होता. शिक्षकांच्या संघातही ते काम करीत, आणि संघटनेच्या बळावर काय साधता येते याचा पहिला धडा त्यांना तेथेच मिळाला.

अशा सुखाच्या व्यवसायात असताना त्यांच्या आयुष्याने एकाएकी वळण घेतले. मद्रास विद्यापीठाने १९२३ मध्ये ग्रंथपालाची जागा निर्माण केली. सुमारे नऊशे अर्ज आले. परंतु ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला एकही अर्जदार त्यांत नव्हता. रंगनाथनांनी थोडेबहुत संशोधन केले होते, एवढ्यावर त्यांची निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. परंतु काय पाहतात! ग्रंथ अव्यवस्थित, वाचक तुरळक, बोलावयास माणूस नाही. कालपर्यंत विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात रमणाऱ्या या शिक्षकास ती शांतता असह्य झाली. थोड्याच आठवड्यांत त्यांनी अधिकाऱ्यांकडे जाऊन आपली जुनी जागा परत मागितली. तेव्हा असे ठरले की, रंगनाथनांनी विलायतेस जाऊन तेथील ग्रंथालये पाहावी. परत आल्यावरही मन रमत नसेल, तर गणिताची जागा त्यांचीच.

१९२४ च्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण देणारी शाळा होती. बर्विक सेयर्स या नामांकित ग्रंथपालांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. रंगनाथनांनी गावोगावची ग्रंथालये हिंडून पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांवरचे पटल जणू दूर झाले. तेथे कामगार दिवसाचे काम संपवून पुस्तक घेण्यास येत, गृहिणी येत, मुलांसाठी स्वतंत्र दालने असत, आणि ग्रंथपाल हा ग्रंथांचा पहारेकरी नसून वाचकांचा साहाय्यकर्ता असे. जी जागा आपणास निर्जीव वाटली, ती जागा निर्जीव नव्हती. तिच्यात प्राण ओतणारा माणूस तेथे नव्हता, हे त्यांस उमगले. आपला देश आणि तो देश यांतील अंतर त्यांच्या मनास टोचू लागले. गणिताच्या जागेचा विचार तेथेच मागे पडला.

याच मुक्कामात एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या, चाके व खिळे निरनिराळ्या रीतींनी जोडून कधी पूल, तर कधी गाडी तयार होई. त्यावरून त्यांस सुचले की, ग्रंथाच्या विषयाचेही असे सुटे घटक करून ते हवे तसे जोडता येतील. घटक जोडण्यास त्यांनी द्विबिंदूचे चिन्ह योजिले. हीच त्यांची प्रसिद्ध द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. ती १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभरच्या ग्रंथालयशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. मुलांच्या खेळण्यात शास्त्राचे बीज पाहणारी ही दृष्टी गणितज्ञाचीच!

१९२५ मध्ये परत येताच त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कायापालट आरंभिला. मध्ययुगात युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळ्यांना जखडून ठेवीत. आपल्याकडे साखळ्या नसल्या तरी कुलपे होती. वाचकाने चिठ्ठी द्यावी, शिपायाने पुस्तक आणावे, आणि चुकीचे आले तर पुन्हा चिठ्ठी द्यावी. रंगनाथनांनी वाचकांस थेट कपाटांपाशी जाण्याची मुभा दिली. त्यांनी वेळ वाढविली, सुट्टीच्या दिवशीही दारे उघडी ठेविली आणि कोणत्या विषयावर काय वाचावे हे सांगण्यासाठी जाणती माणसे नेमिली. वाचक ग्रंथालयात येत नाही, यात दोष वाचकाचा नसून ग्रंथालयाचा आहे, असे त्यांचे ठाम मत होते. दुकानदार जसा गिऱ्हाइकाची वाट पाहत स्वस्थ बसत नाही, तसे ग्रंथपालानेही बसू नये, असे ते मानीत. मात्र दुकानदारास नफा हवा असतो. यांस हवा होता तो केवळ वाचक.

या सर्व सुधारणांच्या मुळाशी कोणती तत्त्वे आहेत, याचा ते सतत शोध घेत होते. गणितात थोड्या मूलतत्त्वांवरून सर्व सिद्धांत निघतात. तसे येथे का नसावे? १९२८ मध्ये त्यांनी ही तळमळ आपले गुरू रॉस यांस बोलून दाखविली, तेव्हा त्या वृद्ध शिक्षकाने सहजगत्या पहिले तत्त्व त्यांच्या हाती दिले: ग्रंथाचे सार्थक तो वापरला जाण्यात आहे. मग उरलेली चार भराभर उलगडली. कोणीही वाचक आपल्या ग्रंथावाचून राहू नये. कोणताही ग्रंथ आपल्या वाचकावाचून पडून राहू नये. वाचकाचा वेळ व्यर्थ जाऊ नये. आणि ग्रंथालय सजीव प्राण्याप्रमाणे वाढत राहते, हे ध्यानात ठेवून त्याची रचना करावी. तत्त्वे दिसावयास किती सोपी! परंतु दुसऱ्या तत्त्वात प्रत्येक शेतकरी, प्रत्येक मजूर, प्रत्येक स्त्री व प्रत्येक बालक येते, हे ध्यानात आले म्हणजे त्याची व्याप्ती कळते. त्याच वर्षी रंगनाथनांच्या पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. तो आघात सोसूनही वर्षअखेरीस चिदंबरमच्या शिक्षण परिषदेत त्यांनी या तत्त्वांचे विवेचन केले. १९३१ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रकाशित झाले.

परंतु एका ग्रंथालयाची सुधारणा म्हणजे सर्व प्रांताची सुधारणा नव्हे. आपण कितीही राबलो तरी एकट्याचा आवाज सरकारपर्यंत पोहोचणार नाही, आणि पोहोचला तरी आपल्यामागे टिकणार नाही, हे रंगनाथनांनी ओळखले होते. १९२८ च्या आरंभी मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि त्याचे कार्यवाहपद त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९४५ पर्यंत सांभाळले. अध्यक्षाच्या खुर्चीपेक्षा कार्यवाहाची लेखणी अधिक काम करते, असे म्हणतात. येथे ते अक्षरशः खरे ठरले. संघातर्फे व्याख्याने झाली, परिषदा भरल्या, ग्रंथ प्रसिद्ध झाले. १९२९ मध्ये संघाने उन्हाळी सुट्टीत ग्रंथालयशास्त्राचा वर्ग काढला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. म्हणजे ज्या विषयाचा शिकलेला एकही अर्जदार १९२३ मध्ये मिळाला नव्हता, त्याचे शिक्षण आठ वर्षांच्या आत त्याच विद्यापीठात सुरू झाले!

त्या काळी बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून फुकट वाचनालयांचे जाळे विणले होते व पेट्यांतून ग्रंथ खेडोपाडी पाठविण्याची सोय केली होती. परंतु तेथे राजाचे पाठबळ होते. मद्रासकडे लोकांनाच पुढे यावे लागले. १९३१ च्या ऑक्टोबरात तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथून एक अपूर्व बैलगाडी निघाली. कनकसभै पिळ्ळै या अभियंत्यांनी ती सिद्ध केली होती व रंगनाथनांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गाडीत धान्य नव्हते की कापूस नव्हता. फळ्यांवर तमिळ पुस्तके मांडलेली होती. ती खेड्याखेड्यांतून थांबे आणि ज्यांच्या दारी कधी ग्रंथ आला नव्हता, त्यांच्या हाती पुस्तक पडे. वाचक ग्रंथापाशी येऊ शकत नसेल, तर ग्रंथाने वाचकाकडे जावे, हे तत्त्व असे चाकांवर बसून रस्त्याने निघाले.

तथापि दानशूरांच्या मर्जीवर चालणारी कामे दानशूरांबरोबरच संपतात. शाळेस जसा सरकारी आधार, तसाच ग्रंथालयास कायद्याचा आधार हवा, अशी रंगनाथनांची धारणा होती. १९३० च्या डिसेंबरात काशी येथील आशियाई शिक्षण परिषदेपुढे त्यांनी ग्रंथालय कायद्याचा नमुना मांडला. १९३३ मध्ये मद्रासच्या विधिमंडळात बशीर अहमद सईद यांनी त्या धर्तीचे विधेयक आणिले. परंतु ते मंजूर न होताच राहिले. दुसरा कोणी असता तर निराश होऊन स्वस्थ बसला असता. रंगनाथनांनी मात्र मसुदा दुरुस्त करावा, पुन्हा मांडावा, पुन्हा समजूत घालावी, असा क्रम चालू ठेविला.

अखेर १९४८ मध्ये अविनाशिलिंगम चेट्टियार हे शिक्षणमंत्री असताना मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मंजूर झाला. जिल्ह्याजिल्ह्यांस ग्रंथालय प्राधिकरण, घरपट्टीवर अल्पसा ग्रंथालय कर आणि त्यास सरकारी अनुदानाची जोड, अशी त्याची रचना होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता, हे आपणास भूषणावह आहे. परंतु स्वतंत्र भारतातील पहिला मान मद्रासचा. महाराष्ट्र राज्याचा कायदा पुढे १९६७ मध्ये झाला. त्यात ग्रंथालय कराची तरतूद नव्हती. मद्रासचा कायदा झाला तेव्हा रंगनाथन त्या शहरात नव्हते. ते दिल्लीस होते. माळी दुसऱ्या गावी गेला, तरी त्याने लाविलेल्या झाडाला फळ आले. संघटना कशासाठी असते, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते?

१९४५ मध्ये मद्रास सोडल्यावर त्यांनी काशी हिंदु विद्यापीठात सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण केले. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात त्यांनी या शास्त्राचे अध्यापन केले. १९४४ ते १९५३ या काळात ते भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्ष होते. १९५६ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याची एक लाख रुपयांची बचत मद्रास विद्यापीठास देऊन ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापिले. त्यास त्यांनी द्वितीय पत्नी शारदा यांचे नाव दिले. त्यांची सोबत नसती तर इतके कार्य झाले नसते, ही कृतज्ञता त्या नावात आहे. सरकारने त्यांस १९५७ मध्ये पद्मश्री व १९६५ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा सन्मान दिला. बंगलोर येथे त्यांनी १९६२ मध्ये प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि त्याच शहरी २७ सप्टेंबर १९७२ रोजी या कर्मयोग्याने देह ठेविला. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून काय घ्यावयाचे? जी जागा नकोशी वाटली, तीच त्यांनी आपल्या श्रमाने हवीशी केली, हा पहिला बोध. चांगली वस्तू केवळ चांगली असून भागत नाही. ती लोकांना सांगावी लागते व त्यांच्या हाती पोहोचवावी लागते, हा दुसरा. आणि जे कार्य आपल्यामागे टिकावे असे वाटते, त्यासाठी चार माणसे जोडून संस्था उभी करावी, तिचे बारीकसारीक काम कंटाळा न करता वर्षानुवर्षे करावे, हा तिसरा. शाळेच्या ग्रंथसंग्रहात असे कितीतरी ग्रंथ असतील, ज्यांची पाने अद्याप कोणी उलटली नाहीत. त्यांतील एक आज आपण घेऊन जावे आणि वाचून झाल्यावर त्याविषयी दुसऱ्या एकास सांगावे. पालकांनीही आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी भरताना व त्याच्या सभेस जाताना हात आखडता घेऊ नये. रंगनाथनांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग दुसरा नाही.