कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील कापूस पूर्वापार गिरण्यांकडे जात आला आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. मुंबईत तर त्याच्या वीस वर्षे आधीपासून धुराडी उभी राहू लागली होती. कापूस वेचणाऱ्यांचे कष्ट आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो. पण गिरणीच्या दाराआड त्या कापसाचे सूत करणाऱ्या माणसांची काय अवस्था होती, याची विचारपूस त्या काळी फारसे कोणी करीत नसे. ती विचारपूस करणारा पहिला पुढारी मराठी बोलणारा होता. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा. ठाण्यास मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केली व पुढे मुंबईच्या एका कापडगिरणीत ते भांडारपाल झाले. या जागेवरून त्यांना सारे दिसत असे. उजाडताच यंत्रे सुरू होत, ती दिवस मावळल्यावर थांबत. उन्हाळ्याचा दिवस मोठा, म्हणून कामही मोठे! उकाडा, कोंदट हवा, नाकातोंडात जाणारे कापसाचे तंतू आणि कान बधिर करणारा खडखडाट यांत स्त्रिया आणि कोवळी मुलेसुद्धा राबत. सणावाराच्या मोजक्या सुट्या सोडल्या तर विसावा नाही. कचेऱ्यांना आणि शाळांना रविवारची सुटी तेव्हाही होती. गिरणीतल्या माणसाला मात्र ती नव्हती.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा लोखंड्यांवर खोल संस्कार झाला होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० मध्ये लोखंड्यांनी आपल्याकडे घेतले आणि मुंबईहून चालविले. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, परंतु त्यात मुलांपलीकडे कोणाच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती.

१८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे गेला. मागण्या वाचल्या की मन थक्क होते, इतक्या त्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. काम करताना इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास पोटापुरती तरतूद व्हावी.

या अर्ध्या तासाचे मोल आज वैद्यकशास्त्राने अधिक स्पष्ट केले आहे. उकाड्यात राबणाऱ्या माणसाच्या हृदयाला दुहेरी काम पडते: स्नायूंना रक्त पुरवायचे आणि अंग थंड राखण्यासाठी त्वचेकडेही रक्त धाडायचे. विसावा नसेल तर नाडीचा वेग उतरत नाही. सततच्या गोंगाटाने रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. सातपुड्याच्या जंगलातून लाकूड ओढणारा ट्रॅक्टरचालक किंवा आरागिरणीवरचा मजूर यांनाही हे लागू आहे. परदेशांतील जंगलांत तर एकच माणूस दिवसभर यंत्राच्या खोलीत बसून झाडे पाडतो. तेथे घाम कमी, पण हालचाल नाही, हादरे मात्र अखंड. लोखंड्यांपाशी हे आकडे नव्हते. दिवसाअखेरीस गिरणीतून बाहेर पडणारी माणसे मात्र ते रोज पाहत होते.

त्यांचा मार्ग सोपा नव्हता. मालक विरोधात होते, यात नवल नाही. पण अनेक देशाभिमानी पुढारीही फॅक्टरी कायद्याला प्रतिकूल होते. इंग्लंडातील लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या मालाला स्पर्धा नको म्हणून हिंदी गिरण्यांच्या पायांत हा खोडा अडकवीत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते. लँकेशायरला दया आली नव्हती, हे खरेच. परंतु म्हणून परळच्या मजुराचा थकवा खोटा ठरत नव्हता. स्वदेशी धंद्याचे वैरी म्हणवून घेण्याचा धोका पत्करून लोखंडे आपल्या मागणीवर ठाम राहिले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग हाच होय.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनवर लोखंडे यांना घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा पडायला १९११ साल उजाडावे लागले, आणि तीही बारा तासांची!

१८९० सालीच विधवांचे केशवपन करण्यास नकार देणाऱ्या नाभिकांच्या पाठीशी ते उभे राहिले. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंगलीत त्यांनी शांततेसाठी खटपट केली. सरकारने त्यांना रावबहादुर केले.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून निघाले; कामगारही गावोगाव पांगले. लोखंडे मुंबईतच राहिले आणि रोग्यांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामात पडले. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले याच रोगाने, याच सेवेत गेल्या. भारत सरकारने लोखंड्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले ते २००५ साली.