खापरांतून घरं वाचणारे डॉ. सांकलिया

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नव्या शेडचा पाया खणायला जेसीबी लागला की माती निघते, मुरूम निघतो. एखादं खापर निघालं तर कुणी वाकूनही बघत नाही. फुटकं मडकंच ते! पण मैत्रिणींनो, अशी फुटकी मडकी जपत एका माणसानं अख्खं आयुष्य काढलं. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८चा, मुंबईतला. दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेलं हे नाजूक मूल जगेल असं घरच्यांना वाटत नव्हतं. पण ते जगलं आणि शिकलं. नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून त्यांनी एम.ए. केलं. पुढं लंडनला जाऊन १९३६ साली ते पीएच.डी. झाले.

प्रत्यक्ष खणायचं कसं, हे ते तिथंच शिकले, तेही एका किल्ल्यावर. इंग्लंडमधला मेडन कॅसल हा इसवी सनाच्या आधीचा डोंगरी किल्ला. आपल्या पन्हाळ्यासारखा दगडी तट तिथं नाही. मातीचे उंचच उंच बांध आणि खोल खंदक, हेच त्याचं संरक्षण. तिथं गोफणीच्या गोट्यांचे ढीगच्या ढीग सापडले. मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा हे दोघं १९३४ पासून तिथलं उत्खनन चालवत होते. पोरांना हाताशी धरून शिकवण्यात टेसाबाईंचा वाटा मोठा. दुर्दैवानं त्या १९३६ सालीच वारल्या.

त्यांची रीत साधी होती. जमिनीचे चौकोन पाडायचे, मधे मातीच्या भिंती तशाच ठेवायच्या आणि त्या भिंतींवर थर वाचायचे. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली, हे लिहून ठेवलं तरच तिला किंमत. नाहीतर ती नुसती शोभेची.

१९३९ साली सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. इरावतीबाई कर्वे तिथं त्यांच्या सहकारी होत्या. १९४५-४६ साली डॉ. मो. गं. दीक्षितांबरोबर ते कोल्हापुरात आले आणि पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी खणली. तिथं आधीच रोमन बनावटीची ब्राँझची भांडी आणि पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती सापडली होती. या उत्खननानं त्यामागचं गावच उजेडात आलं. वर बहामनी काळातली वस्ती होती, काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. त्याखाली सातवाहनकाळातली विटांची घरं होती. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापूरचा समुद्रापारच्या मालाशी संबंध होता!

पुढं त्यांनी जोर्वे, नेवासे, नावडातोली अशी ठिकाणं खणली. १९६८ पासून शिरूर तालुक्यातलं इनामगाव हाती घेतलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं ते शेतकऱ्यांचं गाव. मातीची घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, तोटीची तांबडी मडकी. आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली तान्ही बाळं. दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात बाळाला ठेवलेलं, शेजारी छोटी भांडी. त्या माउलीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण तिनं आपलं बाळ घराबाहेर जाऊ दिलं नाही, एवढं मात्र कळतं.

राजांच्या लढाया ताम्रपटांत, बखरींत सापडतात. चूल कुणी सारवली, धान्य कुणी निवडलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. ते मातीतच राहिलं. सांकलियांनी ते वाचलं आणि आपल्यासारख्या बायाबापड्यांच्या कामालाही इतिहासात जागा मिळाली.

१९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात ते गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी उत्खननं पुढं चालू ठेवली.

पोसायडनची ती मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. आणि घराचा, गोठ्याचा किंवा कारखान्याचा पाया खणताना नक्षीचं खापर, मणी, जुनं नाणं दिसलं, तर ते धुऊन-पुसून कपाटात ठेवू नका. काम थोडं थांबवा, जागा तशीच ठेवा आणि तहसीलदारांना किंवा संग्रहालयाला कळवा. जागा हलली की त्या खापराची गोष्ट कायमची पुसली जाते.