मेणाची माणसे

लंडन शहरात एक जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. तेथील दालनांत राजे, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ आणि खेळाडू उभे आहेत; पण त्यांतील एकही जण हलत नाही, की बोलत नाही. ते सारे मेणाचे आहेत. तरीही ते इतके हुबेहूब दिसतात, की नवख्या प्रेक्षकाला क्षणभर भ्रम व्हावा. हे संग्रहालय जिच्या नावाने ओळखले जाते, त्या मादाम तुसाँचे जीवन या पुतळ्यांहूनही चित्तवेधक आहे.

तिचे माहेरचे नाव मारी ग्रोशोल्ट्झ. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १७६१ साली तिचा जन्म झाला. तिचे वडील सैनिक होते. आपल्या जन्मापूर्वीच ते मरण पावले, असे ती सांगत असे. पोटासाठी तिच्या आईने स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात डॉक्टर कर्टियस यांच्या घरी घरकाम पत्करले. शरीराची रचना समजावी म्हणून डॉक्टर मेणाचे अवयव तयार करीत. पुढे ते मेणाचे चेहरेही घडवू लागले आणि त्या कलेच्या बळावर पॅरिसला जाऊन राहिले. मागोमाग मारी आणि तिची आईही तेथे गेली. मारी डॉक्टरांना काका म्हणे. काकांच्या हातातले मेण पाहता पाहता ती लहानगी मुलगी त्यांची शिष्या झाली.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेलाचा हात फिरवून ओल्या प्लास्टरचा थर द्यावयाचा. श्वास कोंडू नये म्हणून नाकपुड्यांत बारीक नळ्या बसवावयाच्या. प्लास्टर वाळले, की चेहऱ्याचा साचा मिळे. पण साच्यात आलेला चेहरा झोपलेल्या माणसासारखा असे. त्याचे डोळे मिटलेले आणि ओठ निर्जीव असत. मग मातीत ते मस्तक नव्याने घडवावे लागे. डोळे उघडावयाचे, कपाळावरची आठी उमटवावयाची, ओठांच्या कडेला दडलेले हसू बाहेर आणावयाचे, हे साच्याचे नव्हे, तर नजरेचे आणि बोटांचे काम होते. त्या मस्तकावरून पुन्हा साचा काढून त्यात वितळलेले मेण ओतीत. शेवटी काचेचे डोळे बसवीत, एकेक केस रोवीत आणि गालांवर रंग चढवीत. धड कपड्यांखाली झाकले जाई. माणूस ओळखू येई तो चेहऱ्यावरूनच. म्हणून मारी माणसांचे चेहरे बारकाईने न्याहाळावयास शिकली. १७७७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिने विख्यात लेखक व्होल्तेर यांचा चेहरा घडविला. रुसो आणि अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांचेही चेहरे तिने साकारले.

अशा वेळी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १२ जुलै १७८९ रोजी एक जमाव डॉक्टरांच्या प्रदर्शनावर चालून आला. लोकांना प्रिय असलेले मंत्री नेकर यांना राजाने पदावरून दूर केले होते. जमावाने नेकर आणि ऑर्लिआँचा ड्यूक यांची मेणाची मस्तके मागून घेतली आणि ती उंच धरून पॅरिसच्या रस्त्यांतून मिरवणूक काढली. सैनिकांनी ती अडविली, तेव्हा रक्त सांडले. दोनच दिवसांनी बास्तीयचा तुरुंग पडला. मेणाच्या चेहऱ्यांत केवढी शक्ती असते, हे मारीने त्या दिवशी पाहिले.

पुढची वर्षे भयंकर होती. प्रदर्शनात काल मानाने मांडलेला चेहरा आज ठेवणेही धोक्याचे होऊ लागले. जुने पुतळे हलवावे आणि नव्या सत्ताधाऱ्यांचे बसवावे, असा क्रम सुरू झाला. १७९३ साली राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचा शिरच्छेद झाला. अशा मृत व्यक्तींच्या चेहऱ्यांचे ठसे घेण्याचे काम आपल्यावर लादण्यात आले, असे मारीने आपल्या आठवणींत सांगितले आहे. नकार देणे म्हणजे स्वतःचे मस्तक गमावणे होते. ज्यांना तिने पूर्वी जिवंतपणी पाहिले होते, त्यांचेच मुख तिला हाती घ्यावे लागले. ते काम करताना तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल! तरी तिने राजाचा चेहरा विद्रूप केला नाही, की क्रांतिकारकाचा सुंदर केला नाही. जे होते तेच तिने उमटविले.

१७९४ साली डॉक्टर कर्टियस वारले. आपले सारे पुतळे आणि साचे त्यांनी मारीच्या नावे केले होते. पण त्यांबरोबर कर्जही आले. पुढच्याच वर्षी तिने फ्रांस्वा तुसाँ यांच्याशी विवाह केला आणि ती मादाम तुसाँ झाली. त्यांना दोन मुलगे झाले. परंतु लढायांनी गांजलेल्या पॅरिसमध्ये प्रदर्शन पाहावयास कोण येणार? अखेर १८०२ साली, चार वर्षांच्या थोरल्या मुलाला आणि मेणाच्या पुतळ्यांना घेऊन ती इंग्लंडला गेली. धाकटा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याला तिने मागे घरीच ठेवले. ती लवकर परतणार होती. पण दोन्ही देशांत पुन्हा युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. पतीची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. धाकटा मुलगा मात्र मोठा झाल्यावर तिच्याकडे आला.

परका देश आणि परकी भाषा. शिवाय भागीदार मिळकतीचा मोठा वाटा नेई. तरी तिने धीर सोडला नाही. काही काळाने भागीदारी संपवून ती स्वतंत्र झाली. पुतळे गाड्यांवर लादून इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील गावोगाव ती तेहेतीस वर्षे हिंडली. गाव आले, की पुतळे उतरवावे, रस्त्यातील धक्क्यांनी तडकलेली बोटे दुरुस्त करावी, प्रदर्शन मांडावे आणि पुन्हा पुढची वाट धरावी. शेवटी १८३५ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने लंडनमधील बेकर स्ट्रीटवर कायमचे ठाण मांडले. वृद्धपणीही ती स्वतः दाराशी बसून प्रवेशाचे पैसे घेत असे.

१८४२ साली तिने स्वतःचाच पुतळा घडविला. जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे न्याहाळणाऱ्या त्या नजरेने स्वतःलाही सूट दिली नाही. चष्मा लावलेली, साध्या काळ्या पोशाखातील ती वृद्धा आहे तशीच उभी राहिली. १६ एप्रिल १८५० रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिचे देहावसान झाले.

मेण उष्णतेने वितळते, धक्क्याने तडकते. १८८४ साली संग्रहालय नव्या वास्तूत गेले. तेथे १९२५ साली आग लागून कित्येक पुतळे वितळले. परंतु साचे बचावले होते. त्यांवरून पुतळे पुन्हा उभे करण्यात आले. १९४० साली युद्धातील बॉम्बने शेकडो साचेही नष्ट केले, तरी काम थांबले नाही. मारीने मागे ठेवले ते केवळ मेण नव्हते. समोरचा माणूस राजा असो वा रंक, मित्र असो वा शत्रू, त्याला नीट पाहावे आणि दिसेल तेच प्रामाणिकपणे घडवावे, ही शिस्त तिने मागे ठेवली. ती कोणत्याही आगीत वितळत नाही.