युद्धपटांचे उपेक्षित संगीत

संगीतकार वसंत देसाई म्हटले की ‘झनक झनक पायल बाजे’, ‘गूंज उठी शहनाई’ आठवतात. युद्धाच्या पार्श्वभूमीवरील त्यांचे दोन चित्रपट मात्र क्वचितच चर्चेत येतात.

९ जून १९१२ रोजी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्मलेले देसाई ‘प्रभात’मध्ये घडले आणि व्ही. शांताराम यांच्या ‘राजकमल’चे आधारस्तंभ ठरले. चीन-जपान युद्धात जखमींची सेवा करीत १९४२ मध्ये चीनमध्येच निधन पावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. सोहराब मोदी यांच्या ‘झांसी की रानी’लाही (१९५३) त्यांनीच संगीत दिले, परंतु तो भव्य रंगीत चित्रपट तिकीटबारीवर अपयशी ठरला.

या चित्रपटांची गाणी देसाईंच्या इतर गाण्यांइतकी लोकप्रिय झाली नाहीत, हे खरे. तथापि, त्या काळी ध्वनिमुद्रिकेवर गाणी येत. वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत चित्रपटगृहातच राही. साहजिकच संगीतकाराची कीर्ती गाण्यांवर ठरली. युद्धपटात तर प्रसंगाचा मोठा भार पार्श्वसंगीतच वाहते.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाईंचे निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप केवळ गाण्यांवरून करणे म्हणजे निम्मे संगीत न ऐकताच निकाल देणे होय.