पाण्याखाली कॅमेरा नेणारा कोच: ‘डॉक’ काउन्सिलमन

आज आपला स्विमिंगचा स्ट्रोक बघायचा असेल तर काय करतो? मित्राच्या हातात फोन देतो, स्लो-मो ऑन करतो आणि दोन मिनिटांत व्हिडिओ बघतो. पण फिल्मच्या जमान्यात शूट झाल्यावर रोल धुऊन येईपर्यंत थांबावं लागायचं. त्या काळात एका अमेरिकन कोचने कॅमेरा पाण्याखाली नेला आणि पोहण्याबद्दलचे बरेच समज बदलून टाकले. त्यांचं नाव जेम्स काउन्सिलमन, पण सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणायचे.

पायलट ते पीएचडी

डॉक यांचा जन्म 28 डिसेंबर 1920 रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये झाला. बालपण सेंट लुईसमध्ये गेलं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीमकडून ते पोहायचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बी-24 बॉम्बर विमान उडवलं. युद्धानंतर ते परत शिक्षणाकडे वळले आणि 1951 मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी पीएचडी मिळवली. विषय होता, क्रॉल स्ट्रोकच्या दोन प्रकारांत जोर कसा लावला जातो. 1957 मध्ये ते इंडियाना विद्यापीठात कोच झाले आणि 1990 पर्यंत तिथेच राहिले.

काठावरून दिसत का नाही?

पूलच्या काठावर उभं राहून पाण्यातला हात नीट दिसत नाही. पृष्ठभागावर प्रकाश चमकतो, पाण्यातून हवेत येताना तो वाकतो, त्यात हाताभोवती बुडबुडे. पोहणाऱ्यालाही आपला हात नेमका कुठून गेला ते कळत नाही. त्यामुळे हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढायचा, असं कोच सांगायचे आणि आपण तेच करतोय असं पोहणाऱ्यांना वाटायचं.

डॉक यांनी अंदाजावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी उत्तम जलतरणपटूंचं पाण्याखालून शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम तपासली. पुढे पूलमध्ये अंधार करून पोहणाऱ्याच्या हाताला छोटा दिवा लावला. हात फिरला की फोटोत प्रकाशाची रेघ उमटायची. मोशन कॅप्चरची ही साधी आवृत्तीच म्हणा ना!

ती रेघ सरळ नव्हती, वळणदार होती. आणखी गंमत म्हणजे हात पाण्यात जिथे शिरायचा, साधारण तिथेच बाहेर यायचा. म्हणजे हात फारसा मागे जातच नव्हता, शरीर त्याच्या पुढे सरकत होतं.

फोटो बरोबर, अर्थ थोडा चुकला

ही वळणं का पडतात? डॉक यांचं उत्तर असं: हात विमानाच्या पंखासारखा किंवा बोटीच्या पंख्यासारखा काम करतो आणि त्यातून ‘लिफ्ट’ मिळते. त्यासाठी त्यांनी बर्नोलीच्या तत्त्वाचा आधार घेतला. मग जगभरचे कोच इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा हात फिरवायला शिकवू लागले.

पुढच्या संशोधनात चित्र बदललं. क्रॉलमध्ये शरीर डावीकडे-उजवीकडे फिरत असतं आणि हाताच्या वळणाचा बराचसा भाग त्यामुळेच येतो. पुढे ढकलणाऱ्या जोराचा मोठा वाटाही हाताने पाणी मागे रेटण्यातून येतो, असं दिसलं. म्हणजे कॅमेऱ्याने दाखवलं ते खरं होतं, पण त्याचं कारण पुन्हा तपासावं लागलं. डेटा आणि त्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसतं.

म्हणून डॉक यांचं काम लहान ठरत नाही. त्यांच्या मोजमापामुळेच हा वाद पुराव्यावर सुरू झाला.

निकाल काय लागले?

त्यांचा शिष्य चेट जास्ट्रेम्स्की याने 1961 मध्ये 100 यार्ड ब्रेस्टस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पूर्ण केला. असं करणारा तो पहिलाच. इंडियानाने 1968 ते 1973 अशी सलग 6 वर्षं राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा जिंकली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 7 सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झही इंडियानातच त्यांच्याकडे शिकला. 1964 आणि 1976 मध्ये डॉक अमेरिकेच्या पुरुष ऑलिंपिक टीमचे कोच होते. 1976 ला मॉन्ट्रियलमध्ये त्या टीमने 13 पैकी 12 सुवर्णपदकं नेली. 1968 मध्ये आलेलं त्यांचं ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे पुस्तक कोच मंडळींसाठी पाठ्यपुस्तकच बनलं.

1979 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. तोपर्यंत इतक्या वयात कुणी ती पार केली नव्हती. नंतर पार्किन्सन्सने त्यांना गाठलं. 4 जानेवारी 2004 रोजी त्यांचं निधन झालं.

तुम्ही ट्राय करणार असाल तर

शक्यतो बाजूने शूट करा, आणि एकदा समोरूनही. फोन एकाच जागी स्थिर ठेवा, म्हणजे हात पाण्याच्या तुलनेत किती सरकला ते कळेल. फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून थेट पूलमध्ये बुडवू नका. आयपी रेटिंगची टेस्ट साध्या पाण्यात होते, क्लोरीनच्या नाही. फ्रेममध्ये दुसरं कुणी येत असेल तर आधी विचारा. आणि व्हिडिओ बघून लगेच स्ट्रोक बदलू नका, आधी कोचला दाखवा. काय दिसतंय ते फोन सांगेल, का ते शोधावं लागतं.