ज्याला अंगकाठी बघून कुस्ती नाकारली, त्यानेच स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं

वारणानगरला दरवर्षी डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. मैदानातली कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते, पण तिच्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, लढत करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे रोज करायला आधी आपल्याला ते जमेल असं वाटावं लागतं.

हा विश्वास येतो कुठून? याचं उत्तर खाशाबा जाधवांच्या आयुष्यात सापडतं.

15 जानेवारी 1926 ला कराडजवळच्या गोळेश्वर गावात खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे घरातच तालीम आणि घरातच वस्ताद. उंची मात्र साधारण साडेपाच फूट आणि अंगकाठी किरकोळ.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. तिथे वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर त्यांची शरीरयष्टी बघून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली आणि त्यांनी आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना लोळवलं.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते मॅटवर उतरले. लाल मातीत घडलेल्या पोराला मॅट नवी होती, नियमही नवे होते. तरी ते सहावे आले. पदक हुकलं, पण परत येऊन त्यांनी मेहनत आणखी वाढवली.

1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं आणि 57 किलो गटात कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 1996 उजाडलं. ते लिएंडर पेसने आणलं.

आता यामागचं शास्त्र बघू. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींतून येतो. स्वतः मिळवलेलं छोटं-मोठं यश, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना बघणं, भरवशाच्या माणसाने दिलेलं बळ आणि आपल्या शरीराची साथ. खाशाबांकडे कॉलेजचं मैदान होतं, घरात पैलवान वडील होते, पाठीशी खर्डेकर होते आणि रोजच्या सरावाने तयार झालेलं शरीर होतं.

म्हणजे आधी आत्मविश्वास येईल आणि मग व्यायाम सुरू होईल, असं थांबून चालत नाही. आज दहा बैठका जमल्या की उद्या बारा माराव्याशा वाटतात. पहिल्याच दिवशी शंभर मारायला गेलं की पाय भरून येतात आणि आपल्याला हे जमत नाही, अशी खूणगाठ मनात बसते. व्यायाम तिथेच सुटतो.

पुढे खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 चं ऑलिम्पिक हुकलं. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण तो मरणोत्तर.

सरकारदरबारी त्यांची ताकद ओळखायला उशीर झाला. खाशाबांनी स्वतः मात्र ती कॉलेजात नकार मिळाला त्याच दिवशी ओळखली होती.